वर्खाच्या खोलीतली हवा

आमच्या कामात एक खोली अशी असते की तिथं वाऱ्याला यायला बंदी. पंख्याचा वारा नको, खिडकीचा नको, दार जोरात उघडलं तर त्याचाही नको. त्या खोलीत आम्ही लाकडी फ्रेमवर सोन्याचा वर्ख लावतो. आरशाच्या फ्रेमा, चित्रांच्या फ्रेमा, कधी एखाद्या नाटकगृहाची नक्षी. वर्ख किती पातळ? बोटांत धरलात तर वर्ख जातो आणि बोट सोनेरी होतं, बस. समोरच्यानं जोरात "काय रे?" म्हटलं तरी वर्खाची चार पानं उडतात आणि मग मालकीणबाई नुसत्या बघतात. त्यांचं बघणं पुरतं.

म्हणून खिडक्या बंद. एकतीस वर्षं मी त्या बंद खोलीत बसलोय. शाळेत चौथीपर्यंत बसलो, तेवढंही इथल्याइतकं नीट बसलो नाही.

हे काम मला दादानं शिकवलं. माझा सख्खा मोठा भाऊ, अकरा वर्षांनी मोठा. तो आता घरी असतो. त्याच्या हृदयातली एक झडप नीट उघडत नाही. पलंगापासून मोरीपर्यंत जाताना मध्ये दोनदा थांबतो आणि भिंतीकडे असं बघतो, जणू भिंतीचा रंग बघायलाच थांबलाय. झडप बदलायची तर तारीख लागते. तारीख मिळायला पाच महिने लागले. आणि ती तारीख मी घालवली.

कशी, ते सांगतो. मला सर्दी झाली होती. सर्दी म्हणजे काय, दिवसभरात दोन शिंका. ताप नाही, काही नाही. कामावर गेलो, घरी आलो, दादाजवळ बसून नेहमीसारख्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी दादा खोकायला लागला. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली, दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "घरी न्या." वहिनी म्हणाल्या, "अहो, साधी सर्दी आहे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला साधी. ह्यांना अशा छातीत भूल दिली तर ते टेबलावरून उठतील की नाही, मी लिहून देणार नाही."

दुसरी तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. सोबत निरोप असा, की ह्याच्यापुढे थांबायची झडपेची तयारी नाही. हे ते डॉक्टर लोक गोड शब्दांत सांगतात, पण मला कळलं.

तेव्हापासून वहिनींनी घरात कायदा आणला. चपला बाहेर. आल्याबरोबर साबणानं हात धुवायचे, नळाखाली नुसते ओले करायचे नाहीत. "भावजी, बोटांच्या मधून. अंगठे राहिले." माझे अंगठे त्यांनी जितके बघितले तितके माझ्या आईनंही बघितले नसतील. आम्ही तिघांनी सर्दी-तापाची लस घेतली. माझा दंड दोन दिवस दुखला. मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. दादाशी बोलायचं तर तो पलंगावर, मी दाराशी खुर्चीवर, तोंडाला मास्क, आणि दोन्ही खिडक्या सताड उघड्या. थंडी वाजायची. दादा गोधडीतून म्हणायचा, "आजारानं नाही मेलो तर हवेशीर मरीन."

मी सगळं पाळलं. बसमध्ये मास्क, कामावर मास्क. गर्दीचं काही म्हणजे काहीच नाही. चुलत पुतणीच्या लग्नाला गेलो नाही, तिचे वडील अजून बोलत नाहीत. तारखेला बारा दिवस उरले होते आणि मला वाटत होतं की आपण किल्ला बांधलाय.

त्या संध्याकाळी मी दाराशी बसलो होतो. दादा कामाचं विचारत होता, त्याला दुसरा विषय नसतोच.

"मोठा आरसा आला म्हणतोस. फ्रेम केवढी?"

"दोन माणसांना उचलेना एवढी. कोपऱ्यांत पानांची नक्षी आहे."

"मग वर्ख खोबणीत बसवायला वेळ लागत असेल."

"लागतो ना. एकेका पानाला तीन-तीनदा हाः करावं लागतं."

आता हे हाः तुम्हाला सांगायला हवं. लाकडावर आधी खडू आणि सरस ह्यांचा पांढरा लेप चढवतात, तो घासून गुळगुळीत करतात. त्यावर लाल मातीचा हात, त्यातही सरस. ही माती ओली केली की वर्ख धरते. पण नक्षीच्या खोबणीत, कोपऱ्यात, जिथं वर्ख फाटला असेल तिथं पाणी चालत नाही, बाजूचं काम डागाळतं. तिथं तोंड जवळ नेऊन, आरशावर वाफ धरतो तसा, गरम श्वास सोडायचा. हाः. त्या ओलीनं सरस जागा होतो आणि वर्ख चिकटतो. हे सोपं वाटतं. जास्त केलं तर डाग, कमी केलं तर वर्ख उभाच राहतो. दादाचा हाः पूर्ण बाजारात नावाजलेला होता.

तर दादा माझ्याकडे बघत राहिला.

"मास्क घालून हाः कसा करतोस रे?"

"मास्क खाली करतो ना. मग परत वर."

वहिनी आतून मोसंबी सोलून घेऊन आल्या होत्या.

"दिवसातून किती वेळा खाली?" दादानं विचारलं.

"आता ते काय मोजतंय कुणी. शंभर. दीडशे."

"आणि खोलीत तुम्ही किती जण?"

"मी, मावशी, पोपट. मालकीणबाई येऊन-जाऊन."

"तेही खाली करतात?"

"मावशी घोटाई करते, ती मधूनमधून बोलते, मग करते खाली. पोपट तर..."

मावशी बसलेला वर्ख दगडानं घोटून चकाकवते, आणि पोपट आमचा घासाईवाला. पांढरा लेप पॉलिश पेपरनं घासतो आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवतो, म्हणून पोपट. त्याचा मास्क हनुवटीला असतो. हनुवटीला कुठला रोग होऊ नये म्हणून घालतो, असं मावशी म्हणते.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भावजी, तुम्ही मला अंगठे दाखवत होता इतके दिवस."

मला राग आला. मी म्हटलं, "आम्ही काय एकमेकांच्या तोंडात हाः करतो का? मी माझ्या फ्रेमवर करतो, पोपट तिकडं भिंतीशी, चांगला सहा हात लांब आहे."

दादा म्हणाला, "खोलीतल्या मोठ्या कपाटाच्या वर हात फिरवून बघ उद्या."

"कशाला?"

"बघ म्हणतोय ना."

दुसऱ्या दिवशी स्टूल घेतलं आणि बघितलं. ते कपाट माझ्या टेबलापासून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, छताला टेकत आलेलं. तिथं वर्खाचं काम कुणी केलेलं नाही, करणारही नाही. बोट फिरवलं. बोट सोनेरी.

मावशी खालून बघत होती. "काय मिळालं? मला अर्धं दे."

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "वर्खाचा चुरा तिथवर जातो. कुणी फेकला नाही, कुणी फुंकला नाही, नुसता तरंगत गेला. बंद खोली आहे, बाहेर जाणार कुठं? आता श्वासातून जे बारीक थेंब निघतात ते त्या चुऱ्याहून हलके. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. खोकलास तर निघतात, बोललास तरी निघतात, आणि हाः केलास तर मग विचारूच नको. मोठे थेंब पडतात हाता-दोन हातावर. बारीक राहतात तिथंच, तासन्‌तास. पोपट सहा हातांवर असो नाहीतर कपाटावर चढून बसो, तुम्ही एकमेकांचंच हुंगताय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"हॉस्पिटलातल्या नर्सबाईनं सांगितलं. सिगारेटच्या धुरासारखं असतं म्हणाली, बंद खोलीत एकानं ओढली की सगळ्यांच्या कपड्यांना वास. मी सिगारेट ओढत नाही, म्हणून मला वर्खावरून कळलं."

मी स्टुलावरून उतरलो. हात धुवायला गेलो, मग लक्षात आलं की हात हा प्रश्नच नव्हता. तरी धुतले.

मालकीणबाईंना सांगणं हे वेगळं काम. त्या बाईंच्या वडिलांचा कारखाना, त्यांनी वीस वर्षं चालवलाय, आणि त्या खिडक्यांना त्यांच्या वडिलांनी खिळे मारलेत. मी बोट दाखवलं. त्यांनी चष्मा खाली करून बोट बघितलं.

"उस्ताद, खिडकी उघडली तर वर्ख शेजारच्या गल्लीत जाईल."

"काम चालू असताना नका उघडू. मध्ये उघडा."

"मध्ये म्हणजे?"

"वर्खाच्या खोलीत एका वेळी एकच माणूस. बाकीचे मागच्या अंगणात. एक जण निघाला की वर्ख डब्यात झाकायचा, खिडकी आणि दार दोन्ही उघडायचं, पंखा खिडकीकडे तोंड करून लावायचा, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलेल. अर्ध्या तासानं बंद करायचं. मग दुसरा."

"आणि घासाई अंगणात?"

"धूळ तरी कमी होईल. पोपटचं बोलणंही उघड्यावर जाईल."

"ते शेजाऱ्यांवर अन्याय," मावशी म्हणाली.

बाईंनी खिडकीशी जाऊन एका खिळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आरसा वेळेवर गेला पाहिजे. आणि खिळे तुम्ही काढा, माझा हात होणार नाही." मी पकडीनं नऊ खिळे काढले. दहावा तुटला, तो अजून आत आहे.

हाःचं काय? ते दादानं फोनवर सांगितलं. पाण्यात थोडं स्पिरिट, त्यात सरसाचा एक थेंब, आणि दोन केसांच्या ब्रशनं फक्त फाटलेल्या जागी टेकवायचं. स्पिरिट उडून जातं म्हणून डाग पडत नाही. "जमणार नाही तुला लगेच," म्हणाला. जमलं नाहीच. पहिल्या दिवशी वर्खाचं अख्खं एक पान सुरकुतून गेलं, म्हाताऱ्या माणसाच्या मानेसारखं. ते खरवडून परत लावलं. तिसऱ्या दिवशी हात बसला.

ब्रशही वेगळे केले. वर्ख उचलायचा रुंद ब्रश असतो, तो आम्ही गालावरून एकदा फिरवतो. गालाचं जरासं तेल केसांना लागतं आणि वर्ख उचलला जातो. आमच्याकडे तो एकच होता आणि पोपटच्या गालाला तेल जास्त, म्हणून कधीकधी त्याच्याच गालावर फिरवून घ्यायचो. आता हे तुमच्यासमोर बोलताना मलाच कसंतरी होतंय. पण तेव्हा तसंच होतं. पोपट फार नाराज झाला. "म्हणजे माझ्या गालाची आता गरज नाही?"

असे पाच दिवस गेले. शुक्रवारी ऑपरेशन, गुरुवारी भरती. मी बोलतोय ते त्याच्या आधीच्या शनिवारचं.

शनिवारी दुपारी मोठी फ्रेम अंगणातून आत न्यायची होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पोपट. दारातून आत जाईना. आडवी केली, उभी केली, मग दोघांनी एकाच बाजूला येऊन वर उचलली. तोंडासमोर तोंड, हातभरसुद्धा अंतर नाही. मी मास्क लावलेला. पोपटचा मास्क तोंडावर होता, नाक बाहेर. नाक जणू त्याचं नव्हतंच, पाहुणं आलं होतं. दहा-पंधरा मिनिटं आम्ही तिथं अडकलो आणि तो तेवढा वेळ "अस्सं, जरा तुमच्याकडे, नाही माझ्याकडे" चालू. मध्ये तीन-चारदा खोकला.

मी लक्ष दिलं नाही. कारण आमच्यात खोकला म्हणजे हजेरी. खडूची धूळ आयुष्यभर नाकातोंडात जाते, घासाईवाला खोकला नाही तर तो कामावर आलेला नाही असं समजायचं.

शनिवारी संध्याकाळी घरी गेलो. रविवारी घरीच होतो. दादाशी दारातून बोललो, मास्क लावून, खिडक्या उघड्या. सोमवारी सकाळी कामावर आलो.

मावशी अंगणात बसून घोटायचा दगड पुसत होती. पोपट आला, खोकला, कोट काढला, खोकला, पेपर घेऊन बसला. मावशी त्याच्याकडे बघायला लागली.

"काल काय केलंस रे दिवसभर?"

"झोपलो मावशी. काय करणार रविवारी?"

"धुळीत होतास का?"

"अंथरुणात कसली धूळ?"

"मग खोकतोस कशाला?" मावशी म्हणाली. "तुझा धुळीचा खोकला मी सोळा वर्षं ऐकतेय. तो रविवारी थांबतो. सोमवारी सकाळी तू गाणं म्हणत येतोस, आम्हालाच त्रास होतो. दुपारनंतर खोकतोस. आज आल्या-आल्या?"

"हवा बदललीय."

"हवा नाही बदलली. तू उठ तिथून."

मी वर्खाच्या खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होतो. खरंच, सोळा वर्षं आम्ही शेजारी बसलो आणि मी कधी वार बघून खोकला ऐकला नाही.

मालकीणबाईंनी औषधाच्या दुकानातून तपासणीच्या पट्ट्या आणल्या. नाकात काडी फिरवायची, पाण्यात ढवळायची, पट्टीवर थेंब टाकायचे. एक रेघ आली तर लागण नाही, दोन आल्या तर आहे. पोपट म्हणाला, "मला काही नाही, नुसती धुळीची ॲलर्जी आहे," आणि दोन रेघा आल्या. गडद. वाटही बघावी लागली नाही.

पोपट पट्टीकडे बघत राहिला. तो बोलला नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, फ्रेम..."

"हो. फ्रेम."

"मला खरंच वाटलं की धूळ आहे."

"मलाही वाटलं. घरी जा. पाच दिवस कुणाजवळ जाऊ नकोस, आणि आता तरी नाक आत घे."

माझ्या पट्टीवर एकच रेघ. मावशीच्याही. मी हॉस्पिटलातल्या नर्सबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, किती वेळ, किती जवळ, मास्क होता का, कुणाचा होता. मग म्हणाल्या, "आज एक रेघ आली म्हणून सुटलात असं नाही. शिरला असेल तर पट्टीवर दिसायला दोन-चार दिवस जातात. आणि माणूस खोकायला लागायच्या आधी एक-दोन दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून घरी जाऊ नका."

"मी काल घरी होतो."

त्या म्हणाल्या, "काल म्हणजे फार लवकर आहे. बहुतेक नाही. खिडक्या उघड्या होत्या म्हणताय, मास्क होता. बहुतेक नाही. पण आम्ही गुरुवारी त्यांना भरती करण्याआधी तपासू."

बहुतेक. हा शब्द मी चार दिवस चघळला.

मालकीणबाई म्हणाल्या, "वर्खाच्या खोलीत राहा. काम आता मावशी अंगणात पडदा लावून करेल." त्या घरून गादी घेऊन आल्या. खिडकी चोवीस तास उघडी ठेवली. ज्या खोलीत एकतीस वर्षं वारा येऊ दिला नाही तिथं मी पांघरूण नाकापर्यंत ओढून पडलो आणि वारा सरळ अंगावर. मावशी दाराशी जेवण ठेवायची, दार वाजवायची आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन ओरडायची, "खाल्लंस का? की उडून गेलास?"

खरी पंचाईत दादाची. फोनवर आधी वहिनी बोलल्या, "बरं केलंत भावजी, तिकडंच राहा." मग दादानं फोन ओढून घेतला.

"गुरुवारी येतोयस ना?"

"नाही."

"मग कोण येतंय माझ्याबरोबर?"

"वहिनी आहेत. शेजारचा ड्रायव्हर आहे, त्याला सांगितलंय."

"ड्रायव्हर माझा कोण लागतो? तू नसशील तर मी जात नाही."

"मी आलो तर तुला घेणार नाहीत."

"तुला काही झालेलं नाही. एकच रेघ आहे म्हणालास."

"आज एकच आहे."

"मग एवढं काय घाबरायचं? लांब उभा राहा."

"दादा, लांब म्हणजे किती? कपाट किती लांब होतं?"

पलीकडून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो श्वास घ्यायला त्याला किती मेहनत पडते हे फोनवर जास्त कळतं. मग म्हणाला, "माझंच मला ऐकवतोस," आणि ठेवला.

मंगळवारी एक रेघ. मला वाटायला लागलं की उगाच नाटक केलं. अंगात काही नाही, भूक आहे, झोप आहे. दुपारी कोट घातलासुद्धा. नुसतं घराखाली जाऊन यावं, रस्त्यावरून त्याला बघावं, वर जायचंच नाही. मावशी अंगणात वर्ख घोटत होती. तिनं दगड खाली ठेवला.

"कुठं?"

"पाय मोकळे करून येतो."

"पाय मोकळे करायला कोट लागतो?"

"जरा घराखाली..."

"तू घराखाली गेलास की तो खिडकीत येईल. खिडकीत आला की म्हणेल वर ये. तू जाशील. मी तुम्हा दोघांना ओळखते. बस खाली."

मी बसलो.

बुधवारी सकाळी उठलो तर घशात काहीतरी खरखरत होतं. थुंकी गिळताना पॉलिश पेपर गिळल्यासारखं वाटलं. पट्टी काढली. पहिली रेघ आली. मी घड्याळाकडे बघत बसलो. दुसरी हळूहळू आली, फिकी, आधी वाटलं नजरेचा खेळ आहे. मग नव्हता.

मालकीणबाईंना दारातून सांगितलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला फोन करा, भरपूर पाणी प्या," आणि वहिनींना फोन त्यांनीच केला, मी करायला सांगितला नव्हता.

गुरुवारी सकाळी मला ताप होता. नऊला वहिनी दादाला घेऊन निघणार होत्या. दहाला भरतीच्या खिडकीशी. मी फोन छातीवर ठेवून पडलो होतो. रविवारचं आठवत होतो. दाराशी किती वेळ बसलो होतो? हसलो होतो का? दादानं काहीतरी सांगितलं होतं आणि मी मोठ्यानं हसलो होतो, ते आठवलं. मास्क होता. मास्क नाकावर होता का? होता. असणारच. वहिनी असताना नाक बाहेर राहत नाही.

साडेदहाला फोन वाजला.

"भावजी."

"बोला."

"नर्सनं विचारलं, घरात कुणाला सर्दी-खोकला? मी म्हटलं, घरात नाही. एकाला आहे, तो सोमवार सकाळपासून बाहेर आहे. तिनं लिहून घेतलं. मग ह्यांच्या नाकात काडी घातली."

"मग?"

"थांबा. पंधरा मिनिटं थांबायला सांगितलंय. मी म्हटलं, तुमच्याबरोबर थांबते."

आम्ही दोघं फोन कानाला लावून थांबलो. पलीकडे चाकांची खुर्ची कुरकुरत होती, कुणीतरी कुणालातरी फॉर्मवर सही करायला सांगत होतं. मला खोकला येत होता, मी तो उशीत दाबला.

मग एका बाईचा आवाज लांबून आला, शब्द कळले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "एकच रेघ."

"नीट बघा."

"मी चष्मा लावून बघितलं. नर्सनं बघितलं. ह्यांनीही बघितलं, ह्यांना विश्वास नव्हता. एकच आहे. छातीही ऐकली, साफ आहे म्हणाल्या. आत नेतायत."

फोन दादाकडे गेला. तोंडावर मास्क होता, आवाज गोधडीतून आल्यासारखा.

"कसा आहेस?" त्यानं विचारलं.

"ठीक. ताप आहे थोडा."

"घसा?"

"खवखवतो."

"कोमट पाणी पी. आणि आरशाचं?"

"मावशी करतेय. तुझ्या पाण्यानं."

"तिचा हात जड आहे," दादा म्हणाला. "चाललो रे मी."

"जा," मी म्हटलं.

एवढंच बोललो. पुढं काही म्हणायच्या आत खोकल्याची उबळ आली आणि ती त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन बंद केला.